नातीच्या खोलीचा रंग

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. "अण्णा, तुमची नात आता चार वर्षांची झाली. तिची वेगळी खोली करतोय. भिंतींना रंग कोणता द्यावा?"

"मला काय विचारतोस बाबा? माझा सगळा जन्म खडूच्या पांढऱ्या धुळीत गेला," मी म्हणालो. तो हसला आणि सूनबाईने फोन घेतला. तिने इंटरनेटवर पुष्कळ वाचून ठेवलं होतं. निळ्या खोलीत मूल शांत होतं. पिवळ्या खोलीत आनंदी राहतं, पण पिवळा फार झाला तर रडतं. हिरव्याने अभ्यासात लक्ष लागतं. लाल अजिबात नको, त्याने चिडचिड वाढते. थोड्या वेळाने तिने मोबाईलवर रंगांचं कार्डच पाठवलं. इथे काष्टीला ओट्यावर बसून मी ते चष्मा पुसून पुसून पाहिलं. एकट्या पांढऱ्याचेच दहा-बारा प्रकार! कुणी मोत्यासारखा, कुणी सायीसारखा, कुणी हस्तिदंतासारखा.

मी उत्तराला चार दिवस मागून घेतले. मास्तर माणूस, प्रश्न आला की त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. जुनं आठवत गेलो, काही पुस्तकं उघडली, नातवाच्या मदतीने इंटरनेटही पाहिलं. शोधता शोधता जे हाती लागलं त्याने माझी दोन रात्री झोप गेली. ते सांगायचंच आहे, पण क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे 'मुलांची खोली' हीच मुळात नवी वस्तू आहे. माझा जन्म १९५१ चा. आमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. घरात माजघर होतं, देवाचा कोनाडा होता, धान्याची अंधारी खोली होती, बाहेर गोठा होता. बैलांना स्वतंत्र जागा होती, मुलांना नव्हती. आम्ही पाच भावंडं वाकळ जिथे अंथरली जाईल तिथे झोपायचो. उन्हाळ्यात धाब्यावर, थंडी-पावसात आजीच्या कुशीला. अभ्यासाची जागा म्हणजे कंदील जिथे असेल ती.

लहान मुलाशी जोडलेली एकच खोली जुन्या घरांत असे, तीसुद्धा सव्वा महिन्यापुरती. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. ती मुद्दाम अंधारी ठेवत. वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. भिंतीचा रंग कुणाला दिसतच नसे. रंग काय तो पाळण्यावर. लाकडी चिमण्या, पोपट, लाल-पिवळे गोंडे. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी खेळणी तर महाराष्ट्रभर नावाजलेली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडायची, तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री ती येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते असा समज. बाळ मोठं कशाने होतं, कशाने बिघडतं, याचा विचार तेव्हा असा कोऱ्या कागदावर सोपवलेला होता. भिंतीवर त्याचा भार नव्हता.

भिंतीचा रंग म्हणजे मातीचा रंग. आई जमीन शेणाने सारवायची. सण आला की भिंतींवर पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवायची आणि खाली वीत-दीड वीत कावेचा तांबडा पट्टा ओढायची. तो पट्टा मला शोभेसाठी वाटायचा. आई म्हणायची, "तुमचे हात तिथं लागत्यात रे, म्हणून." भिंतीचा खालचा भाग मुलांचा, हे त्या न शिकलेल्या बाईला ठाऊक होतं.

नुसते हातच लागत नव्हते. माझा धाकटा भाऊ भिंत चाटायचा. ओल्या भिंतीचा वास सुटला की त्याला राहवायचं नाही. कोपऱ्यातला पोपडा नखाने काढायचा आणि गुपचूप तोंडात टाकायचा. आई धपाटा घालायची, आजी वावडिंगाचं पाणी पाजायची. गावात दर दोन-तीन घरांआड असं एखादं माती खाणारं पोर असायचंच. अंगात रक्त कमी असलं की मुलांना माती खावीशी वाटते, हे फार पुढे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. आमच्या घरात तेव्हा एवढंच माहीत होतं की पोटात जंत होतात. हा पोपडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता पांढऱ्या भिंतीकडे येऊ. चुना आपल्याकडे जुनाच. वाडे, देवळं, कोट चुन्यात बांधलेले. पण 'घराला चुना मारला म्हणजे घर निर्मळ झालं' ही समजूत घट्ट व्हायला प्लेगने हातभार लावला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. रँडसाहेबाच्या अमलात सोल्जर घरोघर शिरत, सामान बाहेर काढून जाळत, घरं धुऊन काढत, भिंतींना चुना मारत. त्या जुलमातून २२ जून १८९७ ची रात्र उगवली आणि चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ताजा चुना जहाल असतो, जंतू मारतो, हे खरं. पण प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे भिंत पांढरी होत होती आणि पिसवा आपलं काम करत होत्या. भिंतीच्या रंगाकडे पाहून आपलं समाधान होतं आणि खरा धोका दुसरीकडूनच येत असतो. ही गोष्ट पुढेही घडली, म्हणून इथे नोंदवून ठेवली.

नुसता चुना पिवळट दिसतो, म्हणून त्यात नीळ घालायची. चिमूटभर घातली तर भिंत पांढरीशुभ्र, मूठभर पडली तर आकाशी. ही नीळ म्हणजे झाडाची नव्हे. अफगाणिस्तानातल्या निळ्या दगडापासून जो रंग काढत आणि जो युरोपात सोन्याच्या मोलाने विकला जाई, तोच रंग १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये चिकणमाती, सोडा आणि गंधक भाजून करता येऊ लागला. तो स्वस्त झाला, कपड्यांच्या निळीच्या पुडीतून घराघरांत आला. चुन्यात तो उडत नाही, टिकून राहतो. खेड्यापाड्यांतल्या फिकट निळ्या भिंतींचं रहस्य एवढंच. आमच्या प्राथमिक शाळेच्या खोल्या अशाच निळ्या होत्या. निळ्याने मूल शांत होतं म्हणतात, पण त्या खोल्यांत आम्ही काही शांत बसलेलो मला आठवत नाही! गुरुजी आले की शांत, गेले की बाजार.

डबाबंद रंगाचा जमाना मागाहून आला. १९४२ मध्ये, महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी एक खट्याळ पोरगा काढून दिला. कपाळावर झिपरी, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. तोच गट्टू. रंगाच्या दुकानाच्या पाटीवर तो दिसला की आम्ही थांबून बघत राहायचो. मोठ्यांना विकायच्या वस्तूसाठी लक्ष्मण यांनी लहान मुलाच्या हाती ब्रश दिला, यात त्यांची नजर दिसते. मुलाला रंग पाहायचा नसतो, त्यात हात घालायचा असतो.

आमच्या श्रीगोंदा तालुक्यात पाटाचं पाणी आलं, ऊस आला, उसाच्या पैशाने स्लॅबची घरं आली. १९७५ ते ९० या काळात धाबी उतरली, मातीच्या भिंती पडल्या. नव्या घरात वर डिस्टेंपर, खाली कमरेइतका ऑइलपेंट, दारं-खिडक्या चकचकीत. आईच्या कावेच्या पट्ट्याची जागा ऑइलपेंटने घेतली. कारण तेच: मुलांचे हात लागतात, पुसता यावं. फक्त माती गेली आणि तिच्या जागी काय आलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता जरा आपल्या गावाबाहेर जाऊ. लहान मुलासाठी वेगळी जागा करायची, ती त्याच्या मापाची करायची, हा विचार आपल्याकडे घराआधी बालमंदिरात आला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मुंबईच्या ताराबाई मोडक तिथे जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बालशिक्षण शिकताना आम्हा शिक्षकांना ही नावं पाठ असायची. काम किती मोठं ते वय वाढल्यावर कळलं.

माँटेसोरी पद्धतीत रंगांच्या पट्ट्या असतात. पहिल्या पेटीत फक्त तांबडा, पिवळा, निळा, प्रत्येकी दोन. मुलाने जोड्या लावायच्या. शेवटच्या पेटीत एकेका रंगाच्या सात-सात छटा, गडदपासून फिक्यापर्यंत लावायच्या. पण हे साहित्य महाग. ताराबाईंनी ते खेड्याला परवडेल असं केलं. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या त्यांच्या धडपडीतून 'अंगणवाडी' आली आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची योजना सुरू झाली तेव्हा तो शब्द देशभर गेला. कोसबाडचा मुलूख वारल्यांचा. तिथल्या घरांच्या गेरूने रंगवलेल्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तिथल्या मुलांनी रंग पाहिला तो असा, हाताने काढला जाताना. या दोघी बायांच्या कामात मला जे दिसतं ते एवढंच: भिंतीला रंग कोणता, यापेक्षा मुलाच्या हातात काय येतं, याला त्यांनी जास्त किंमत दिली.

मग सूनबाईच्या प्रश्नाचं काय? रंगाने मन बदलतं की नाही?

आपल्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षांचा तरी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे. शृंगार सावळा, हास्य पांढरा, करुण पारव्यासारखा करडा, रौद्र तांबडा, वीर गोरा, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. बी.ए.ला हे घोकलं होतं. आता गंमत पाहा. इंटरनेट ज्या निळ्याला शांत म्हणतं, तो भरतमुनींच्या हिशेबात किळसेचा! काळा रंग अशुभ म्हणून आपण लग्नकार्यात टाळतो, पण संक्रांतीला बोरन्हाणाच्या वेळी बाळाला काळंच झबलं घालतो आणि त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने. काजळाची तीटही काळीच. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा ही वाटणीही फार जुनी नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बाळांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने नेमकं उलट सांगितलं होतं: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना.

१९७९ मध्ये अमेरिकेत सिअॅटल इथे नौदलाच्या तुरुंगातली एक कोठडी खास गुलाबी रंगाने रंगवली. कैदी म्हणे शांत झाले. अलेक्झांडर शॉस या माणसाने त्याचा फार गाजावाजा केला आणि ठिकठिकाणच्या कोठड्या गुलाबी झाल्या. पुढे काटेकोर प्रयोग केले तेव्हा तो परिणाम हाती लागेना. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडच्या तुरुंगातल्या अभ्यासात गुलाबी कोठडीतले आणि साध्या कोठडीतले कैदी यांच्यात फरक आढळला नाही.

आणि बैल? काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार माहीत नाही असा शेतकरी आमच्या भागात सापडायचा नाही. लाल फडकं दिसलं की बैल उधळतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. खरं म्हणजे बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. तो उधळतो फडकं हलवल्यामुळे. बाजारातले जाणते व्यापारी हे न शिकता जाणतात. ते फडक्याच्या रंगाकडे पाहत नाहीत, धरणाऱ्याच्या हाताकडे पाहतात.

रंगाचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाही. अंधारी कोंदट खोली आणि उजेडाची खोली यांत फरक आहेच. पण अमुक रंग लावला की मूल अमुक होईल, असा नुस्खा कुठेही सिद्ध झालेला मला आढळला नाही. रंगाला मायेचा किंवा भीतीचा अर्थ येतो तो बराचसा आठवणींतून, चालीरीतींतून. मला कावेचा तांबडा दिसला की आई आठवते आणि मन निवतं. इंटरनेटच्या हिशेबाने मी चिडायला हवं!

हे सगळं वाचत असतानाच ती दुसरी गोष्ट समोर आली. रंगाचा मुलाच्या मनावर, स्वभावावर, बुद्धीवर खरोखरच परिणाम होतो आणि तो सिद्ध झालेला आहे. फक्त तो डोळ्यांतून जात नाही. तोंडातून जातो.

रंगात शिसं असायचं. पांढऱ्यासाठी सफेता, पिवळ्यासाठी शिशाचा क्रोमेट, शेंदरीसाठी शेंदूर. मारुतीला आणि म्हसोबाला आपण चोपडतो तो परंपरागत शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्म. शिसं घातलं की रंग भडक होतो, भिंत चांगली झाकली जाते, लवकर वाळतो, टिकतो. शिवाय त्याची चव गोडसर लागते. (जाता जाता: आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्या गाभ्यात शिसं मुळीच नसतं, ते ग्राफाइट.) ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या मुलांना शिशाची बाधा का होते, हे कोडं डॉक्टरांना पडलं होतं. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी ते सोडवलं. व्हरांड्याच्या कठड्यांना दिलेला रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या बोटांना लागत होता आणि नखं खाताना, बोटं चोखताना पोटात जात होता. तिथे १९२२ मध्ये कायदा झाला. अमेरिकेने घरांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं. आपल्याकडे दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ पासून उत्पादकांवर लागू झाला. ब्रिस्बेनच्या त्या शोधानंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं थोडं अंगात मुरतं. लहान मुलात त्याच्या चार-पाच पट मुरतं, आणि मूल रक्ताने कमी असेल तर आणखी जास्त. ते वाढत्या मेंदूवर जातं. मूल चिडचिडं होतं, एका जागी बसत नाही, लक्ष लागत नाही, शिकायला मागे पडतं. झालेली हानी बहुधा भरून येत नाही. अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० मध्ये युनिसेफने जो अहवाल काढला त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचं म्हटलं आहे. सुमारे ८० कोटी मुलं. त्यात एकट्या रंगाचा दोष नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणं आहे, भांडी आहेत, मसाल्यातली भेसळ आहे. पण रंगही आहे.

'चिडचिडं, एका जागी न बसणारं, लक्ष न लागणारं मूल.' हे शब्द वाचले आणि मी मोबाईल खाली ठेवला.

१९८९ ची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावी मी पहिलीचा वर्ग घेत होतो. शाळा कळकट दिसते म्हणून मी पुढाकार घेऊन लोकवर्गणी काढली. रंग मीच निवडले. मुलांना उत्साह वाटावा म्हणून खिडक्यांना शेंदरी आणि भिंतीला कमरेइतका हळदीसारखा पिवळा ऑइलपेंट. पैसे थोडे, म्हणून स्वस्तातला सुटा रंग आणला. रंगवून झाल्यावर वर्ग असा उजळला की पालक बघायला आले. सरपंचांनी नारळ दिला. मला तो नारळ अजून आठवतो.

दोन पावसाळ्यांत खिडक्यांचे पोपडे सुटू लागले. खिडकीशी बसणारा एक मुलगा होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, सदा भुकेला, पांढुरका. तो दिवसभर नखाने पोपडे काढायचा आणि तोंडात टाकायचा. अगदी माझ्या धाकट्या भावासारखा. मी त्याला किती वेळा छडी मारली याची गणती नाही. कशासाठी मारली? तो विष खातोय म्हणून नव्हे. शाळेची खिडकी खराब करतो म्हणून. तो एका जागी बसायचा नाही, सांगितलेलं विसरायचा, पटकन चिडायचा. मी वर्गात सगळ्यांसमोर त्याला मठ्ठ म्हणायचो. चौथीनंतर त्याने शाळा सोडली.

तो रंगामुळेच तसा झाला असं मी म्हणू शकत नाही. त्याची भूक होती, गाव सोडून जाण्यातली आबाळ होती, माझी छडीही होती. त्या डब्यात किती शिसं होतं हे आता कोण सांगणार? पण तसं काहीच नव्हतं असंही मला म्हणता येत नाही. मुलांना प्रसन्न वाटावं म्हणून मी जो रंग मन लावून निवडला, त्याच शेंदरी-पिवळ्यात शिसं सगळ्यांत जास्त असण्याचा संभव होता. आणि मूल तो रंग डोळ्यांनी पाहण्याआधी बोटांनी आणि तोंडाने पाहत होतं. माझ्या समोर, रोज, वर्षभर. माझ्या आईला जे कळत होतं ते बी.ए. झालेल्या मास्तरला कळलं नाही.

पाचव्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. "रंग कोणताही द्या, पण आधी सांगा, दारं-खिडक्यांवर आता काय आहे?" मुलाने घर जुनं विकत घेतलंय, इमारत १९९१ ची. खिडक्यांवर रंगाचे तीन-चार थर. रंगारी दुसऱ्याच दिवशी येऊन कोरड्या पॉलिश पेपरने सगळं घासून काढणार होता. नात घरातच, त्याच खोलीत खेळणार होती. मी म्हटलं, "थांबव त्याला." मुलगा आधी हसला, मग मी त्या मुलाची गोष्ट सांगितली, तेव्हा गप्प झाला.

शेवटी असं ठरलं. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो खरवडायचा नाही, वरून नवा हात द्यायचा. जिथे पोपडे सुटलेत तिथे पाणी मारून ओलं ठेवूनच घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. काम संपेपर्यंत नात आईबरोबर आजोळी. नव्या डब्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचूनच डबा घ्यायचा. रंगारी कुरकुरला, "सर, इतकी वर्षं करतोय, काय झालं नाही." मी त्याला फोनवर एवढंच विचारलं, "तुमचे कामाचे कपडे घरी कोण धुतं? त्यात लहान मूल बिलगतं का?" तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ओलं करून घासतो, गुरुजी."

भिंती सायीसारख्या पांढऱ्या झाल्या. माझा एकच हट्ट त्यांनी मानला. जमिनीपासून तीन फुटांचा पट्टा फळ्यासारखा काळा करून घेतला, तोही डबा वाचूनच. तो भाग नातीचा. तिथे ती खडूने हवं ते काढते आणि ओल्या फडक्याने पुसते. काळ्या रंगाने मूल उदास होतं म्हणे. तिने पहिल्याच दिवशी त्यावर काढलेला हत्ती सूनबाईने मला पाठवलाय. त्याला पाच पाय आहेत.

तो खिडकीपाशी बसणारा मुलगा आता चाळिशीच्या आसपास आहे. अधूनमधून शनिवारच्या बाजारात शेळ्या घेऊन येतो. दिसलो की वाकून नमस्कार करतो, "बरं हाय का गुरुजी?" विचारतो. दरवेळी मी घाईत असल्यासारखं करून पुढे सरकतो. त्याला दोन लहान मुलं आहेत आणि घरकुल योजनेतलं नवं घर मिळालंय, असं ऐकलं. या शनिवारी भेटला तर मी थांबणार आहे. आधी त्याची माफी मागेन. मग पोरांची चौकशी करीन, आणि दारं-खिडक्यांना रंग कोणता लावलास, तेही विचारीन.